काचेला दाम, कामाला नाही

एखाद्या सरकारी कार्यालयाच्या, संग्रहालयाच्या किंवा महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारापाशी हल्ली एक उंच, काळाभोर पडदा उभा असलेला दिसतो. त्याला बोट लावले की हवी ती माहिती समोर यावी, अशी योजना असते. उद्घाटनाच्या दिवशी त्याला हार घातला जातो, पाहुणे त्यावर बोट ठेवतात, छायाचित्र निघते. पुढे सहा-आठ महिन्यांनी त्याच ठिकाणी जावे, तर पुष्कळदा दोहोंपैकी एक दृश्य दिसते. एक तर पडदा बंद असतो आणि त्याच्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढलेले असते. किंवा तो चालू असतो, पण त्यावर बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचे नाव आणि गेल्या वर्षीचे शुल्क झळकत असते. खरे शुल्क कोणत्या तरी लिपिकाने कागदावर लिहून शेजारच्या भिंतीला चिकटवलेले असते.

यंत्रे बिघडतातच, असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु अशा बहुतेक ठिकाणी यंत्र बिघडलेले नसते. काच शाबूत असते, वीज चालू असते. नसते ते त्या काचेमागचे काम सांभाळणारे माणूस. हे काम करणाऱ्या लहान कंपन्या आज पुण्यात, मुंबईत, नाशकात, कोल्हापुरात, नागपुरात पाच-दहा माणसांच्या बळावर चालतात. त्या का धडपडतात आणि त्यांपैकी कित्येक दोन-चार वर्षांत का मिटतात, याचा विचार केल्यावाचून प्रवेशद्वारातील त्या मृत पडद्याचे कोडे उलगडणार नाही. प्रश्न काही मूठभर उद्योजकांच्या नफातोट्याचा नाही. सार्वजनिक पैशाने आपण नेमके काय विकत घेतो, याचा आहे.

कोरी काच

टचस्क्रीनचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना ई. ए. जॉन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १९६५ मध्ये मांडली. तो इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील सरकारी रडार संशोधन संस्थेत काम करीत होता. पुढे युरोपातील सर्न ही संशोधनसंस्था जिनिव्हाजवळ सुमारे सात किलोमीटर परिघाचे एक प्रचंड कणत्वरक यंत्र उभारीत असताना एक व्यावहारिक अडचण पुढे आली. जुन्या पद्धतीने त्या यंत्राचे नियंत्रण करायचे, तर बटणे, खटके आणि फिरकळी यांची संख्या हजारोंच्या घरात गेली असती. फ्रँक बेक व बेंट स्टम्प यांनी यावर तोडगा काढला. बटणे मोजकीच ठेवायची, पण ती पारदर्शक पडद्यावर ठेवायची, आणि कोणत्या बटणाचा कोणता अर्थ हे संगणकाने त्या त्या क्षणी ठरवायचे. १९७३ पर्यंत हा पडदा प्रत्यक्षात आला आणि १९७६ मध्ये ते यंत्र सुरू झाले तेव्हा त्याच्या नियंत्रणकक्षात तो काम करू लागला.

या हकिगतीतील मर्म असे की, टचस्क्रीनची उपयुक्तता काचेत नसून तिच्या कोरेपणात आहे. साध्या बटणाला जन्मभर एकच अर्थ असतो; या काचेला स्वतःचा अर्थच नसतो. तो तिला प्रोग्रॅम देतो. म्हणून ज्याने काच घेतली आणि प्रोग्रॅमची तजवीज केली नाही, त्याने फळा विकत घेतला पण शिक्षक नेमला नाही, असेच म्हणावे लागेल. हे तत्त्व कोणाला अमान्य होण्यासारखे नाही. तथापि आपली खरेदीची पद्धत नेमकी त्याच्या उलट चालते.

लहान कंपनीचा हिशोब

अशी कंपनी कशी चालते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, आठ माणसांची कंपनी आहे. तिघे प्रोग्रॅम लिहिणारे, एक चित्रे व मांडणी करणारा, एक मजकूर पाहणारी, एक चाचणी घेणारी, एक जागेवर जाऊन यंत्र बसविणारा आणि आठवा स्वतः मालक, जो सकाळी निविदा भरतो, दुपारी ग्राहकाला भेटतो आणि रात्री हिशोब लिहितो. पगार, भाडे, वीज धरून महिन्याचा खर्च चार लाख रुपये आहे. एका संग्रहालयाचे काम चौदा लाखांना मिळाले आणि ते तीन महिन्यांत व्हायचे ठरले, तर खर्च बारा लाख आणि शिल्लक दोन लाख, असा कागदावरचा हिशोब सरळ दिसतो.

प्रत्यक्षात तसे घडत नाही. वस्तूंची मराठी माहिती संग्रहालयाकडून दीड महिना उशिरा येते. ती पडद्यावर चढविल्यावर समितीतील एका सदस्यांना ती संक्षिप्त वाटते आणि दुसऱ्यांना लांब. उद्घाटनासाठी पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत काम पूर्ण झाल्याचा दाखला निघत नाही. तीन महिन्यांचे काम साडेचार महिने चालते. खर्च अठरा लाखांवर जातो. दोन लाखांच्या शिलकीच्या जागी चार लाखांची तूट येते आणि चौदा लाखांचे देयक मंजूर होऊन हाती पडेपर्यंत आणखी काही महिने जातात. पगाराची तारीख मात्र दर महिन्याला येते. मोठी कंपनी ही तूट दुसऱ्या कामातून भरून काढते. लहान मालक घरातले दागिने गहाण ठेवतो किंवा दुसऱ्या कामाचा आगाऊ पैसा पहिल्या कामात घालतो, आणि तेथून त्याची घसरण सुरू होते.

यात कोणाचा दुष्टपणा नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रोग्रॅम ही वस्तू अशी आहे की तिच्यात बदल करणे बाहेरून फार सोपे दिसते. भिंत बांधून झाल्यावर ती हातभर मागे सरकवा, असे गवंड्याला कोणी सांगत नाही. पडद्यावरचे पान मात्र 'जरा बदलून द्या' असे सहज सांगितले जाते. त्या 'जरा' या शब्दाची किंमत ठरलेली नसते. ती नेहमी दुर्बळ पक्षाच्या अंगावर पडते.

निविदेतील एक ओळ

मुळात अशी कंपनी निविदेत स्वतःच्या नावाने क्वचितच असते. अशा खरेदीच्या निविदा वाचून पाहाव्यात. पडदा किती इंचांचा, काच किती जाडीची, स्मृती किती, हमी किती वर्षांची, याचे तपशील पानभर असतात आणि अखेरीस 'योग्य त्या सॉफ्टवेअरसह' अशी एक ओळ असते. साहजिकच निविदा यंत्रे विकणारा व्यापारी भरतो. न्यूनतम दराने काम त्याला मिळते. त्या दरातून यंत्राची किंमत वजा जाता जे उरेल त्यात तो कोणा लहान कंपनीकडून प्रोग्रॅम करून घेतो. त्याचे पैसे त्याला मिळाल्यावर तो हिचे पैसे देतो. यंत्राला तीन वर्षांची हमी असते. मजकूर अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. त्यात मार्चअखेर अखर्चित निधी संपविण्याची घाई असली, की प्रोग्रॅमचा विचार करायलाही कोणाला फुरसत राहत नाही.

लिपिकवर्गाला यात दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. न्यूनतम दराचा नियम हे त्याचे चिलखत असते. अधिक दराची निविदा स्वीकारली तर लेखापरीक्षणात शेरा येतो. निरुपयोगी वस्तू न्यूनतम दराने घेतली तर शेरा येत नाही. सुदैवाने हे चिलखत आता थोडे सैल झाले आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, गुणवत्तेला महत्त्व असलेल्या कामांत आणि सेवांत दराबरोबर गुणांनाही वजन देण्याची मुभा मिळाली. गुणवत्तेचे हे वजन जास्तीत जास्त तीस टक्के ठेवता येते. सूचना केंद्राच्या खरेदीपुरत्या असल्या तरी त्यांतील तत्त्व कोणत्याही नगरपालिकेला किंवा विद्यापीठाला उचलता येण्याजोगे आहे.

देयकांबाबतही कायदा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा सेवेचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावेत आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे, असे त्यात स्पष्ट आहे. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आणखी एक दट्ट्या दिला. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखविता येत नाही. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. परंतु प्राप्तिकराचा धाक करदात्याला असतो, शासकीय विभागाला नसतो. राहता राहिली तक्रार. ज्याच्याकडून उद्याचे काम मिळायचे, त्याच्याविरुद्ध व्याजाचा दावा लावणे म्हणजे आपल्या हाताने दार लावून घेणे होय, हे प्रत्येक लहान मालक जाणतो. म्हणून कायदा पुस्तकात राहतो आणि देयक टेबलावर.

दोन उदाहरणे

आपल्याकडे बुद्धीची वा कल्पकतेची उणीव आहे, असे मात्र कोणी समजू नये. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापक आणि एका खासगी कंपनीतील अभियंते यांनी मिळून १९९९ मध्ये एक न्यास स्थापन केला आणि सिम्प्युटर नावाचे हातात मावणारे यंत्र तयार केले. त्याला स्पर्शाने चालणारा पडदा होता. मजकूर भारतीय भाषांत वाचून दाखविण्याची सोय होती. एकच यंत्र गावातील अनेकांनी आपापले कार्ड घालून वापरावे, अशी त्यामागची दूरदृष्टी होती. त्याचे पहिले रूप २००१ मध्ये लोकांसमोर आले. या प्राध्यापकांनीच काढलेल्या पिकोपेटा या लहान कंपनीने मार्च २००४ मध्ये त्याचे अमिडा नावाचे सुधारित रूप बाजारात आणले. यंत्र हातात तिरपे केले तर ते ओळखण्याची सोयही त्यात होती. आयफोनची घोषणा व्हायला तेव्हा जवळजवळ तीन वर्षे अवकाश होता.

एवढे असूनही सिम्प्युटरची विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. संख्या कमी म्हणून किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरत नाही म्हणून संख्या वाढत नाही, अशा चक्रात तो सापडला. तोवर मोबाइल फोन स्वस्त होत गेले. कर्नाटकात भूमी-अभिलेखांच्या कामात त्याचा उपयोग झाला. परंतु शाळा, तलाठी कार्यालये, आरोग्य केंद्रे यांच्यासाठी कामे ठरवून, त्या कामांचे प्रोग्रॅम करून घेऊन, मोठ्या संख्येने यंत्रे घेणारा पहिला ग्राहक त्याला लाभला नाही. स्तुती विपुल झाली. पण कौतुकाने पगार भागत नाहीत.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. डेलावेअर विद्यापीठातील वेन वेस्टरमन या संशोधक विद्यार्थ्याच्या हातांना टंकलेखनाने वेदना होत. त्या वेदनेतून बोटांच्या हलक्या स्पर्शाने चालणाऱ्या पृष्ठभागाचे संशोधन झाले, आणि १९९८ मध्ये त्याने जॉन एलायस या प्राध्यापकांसह फिंगरवर्क्स नावाची छोटी कंपनी काढली. अनेक बोटांच्या खुणा एकाच वेळी ओळखणारे कळफलक तिने विकले. हात दुखणाऱ्या लोकांना ते वरदानच वाटले. २००५ मध्ये ॲपल कंपनीने फिंगरवर्क्स घेतली आणि २००७ च्या जानेवारीत जगाने अनेक बोटांनी चालणारा आयफोन पाहिला. संस्थापकांच्या दृष्टीने हे यश होते, यात शंका नाही. पण ते कळफलक बंद झाले, आणि ज्यांचे हात त्यांच्यावर विसंबले होते त्यांना नवा कळफलक मिळेना.

पहिल्या उदाहरणात ग्राहकाने कंपनीला आधार दिला नाही. दुसऱ्यात कंपनी गेली आणि ग्राहक उघडा पडला. लहान कंपनी आणि तिचा ग्राहक यांचे दैव असे एकमेकांत गुंतलेले असते. म्हणून या व्यवहाराकडे एकदाच्या खरेदीप्रमाणे न पाहता दीर्घ मुदतीच्या संबंधाप्रमाणे पाहिले पाहिजे.

कंपन्यांनीही आरशात पाहावे

सर्व दोष खरेदीदाराच्या माथी मारणे हेही खरे नाही. काम मिळावे म्हणून अशक्य मुदत कबूल करणे, हलत्या चित्रांच्या झगमगाटात आवश्यक माहिती दडवून टाकणे, आणि ज्यांच्यासाठी पडदा करायचा त्यांच्यात एक दिवसही न बसता तो तयार करणे, हे दोष लहान कंपन्यांत आहेत. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर तिकिटाची स्पर्शाने चालणारी यंत्रे आली. प्रवाशाने स्वतः तिकीट काढावे हा त्यांचा उद्देश. परंतु रेल्वेला त्या यंत्रांपाशी निवृत्त कर्मचारी साहाय्यक म्हणून उभे करावे लागले, आणि घाईत असलेला प्रवासी यंत्राकडे न पाहता त्या गृहस्थांना स्थानकाचे नाव सांगतो. त्या गृहस्थांची गरज का पडते, हे त्यांच्या शेजारी चार दिवस उभे राहून पाहणे, हे पडदा रचणाऱ्याचे पहिले शिक्षण होय.

अंधांचा प्रश्न याहून गंभीर आहे. गुळगुळीत काचेवर बोटाला काहीच कळत नाही. बँकांच्या एटीएम यंत्रांबाबत रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१४ पासून बसणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रात बोलकी सूचना आणि ब्रेल कळा असाव्यात, असे सांगितले. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदाही २०१६ मध्ये झाला. असे असताना कार्यालयांतील माहितीचे पडदे मुके का असावेत? तीच गोष्ट मराठीची. जोडाक्षर फुटते, ऱ्हस्व इकार भलत्याच जागी बसतो, मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' मिळत नाही, आणि इंग्रजीतून यंत्राने केलेले भाषांतर न वाचता चढविले जाते. येथेच जवळची, आपल्या भाषेची, हाकेला ओ देणारी लहान कंपनी दूरच्या मोठ्या कंपनीपेक्षा सरस ठरू शकते. तिने हे बळ वापरले नाही, तर तिला टिकविण्याचा आग्रह आपण तरी कोणत्या तोंडाने धरावा?

काय करता येईल

उपाय फार अवघड नाहीत. पहिला असा की, पडदा आणि प्रोग्रॅम यांची खरेदी वेगळी करावी. काच न्यूनतम दराने जरूर घ्यावी, कारण काच सर्वत्र सारखी असते. प्रोग्रॅमसाठी मात्र दोन-तीन कंपन्यांकडून छोटा नमुना करून घ्यावा, त्याबद्दल त्यांना अल्प मोबदला द्यावा, आणि तो नमुना समितीच्या दालनात न पाहता प्रत्यक्ष वापरणाऱ्या दहा माणसांच्या हाती देऊन पाहावा. दुसरा असा की, निधीतील ठरावीक हिस्सा पुढील तीन वर्षांच्या देखभालीसाठी आरंभीच राखून ठेवावा, आणि मजकुरातील नेहमीचे बदल कार्यालयातील लिपिकाला स्वतः करता येतील अशी सोय करारात मागावी. तिसरा असा की, प्रोग्रॅमची मूळ संहिता ग्राहकाकडे जमा असावी, म्हणजे कंपनी बंद पडली किंवा विकली गेली तरी काम दुसऱ्याला पुढे नेता येईल. चौथा असा की, काम टप्प्याटप्प्याने मोजावे आणि प्रत्येक टप्प्याचे देयक ४५ दिवसांत द्यावे. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. असलेल्या कायद्याची आठवण पुरे आहे.

या उपायांना पैसा अधिक लागेल, असा आक्षेप येईल. एका पडद्यापुरता विचार केला तर तो खरा आहे. परंतु दहा पडदे घेऊन त्यांतील सात निजवून ठेवण्यापेक्षा पाच घेऊन पाचही जागे ठेवणे स्वस्त पडते, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांच्या वर्गात आता असे पडदे येत आहेत. पाठ्यक्रमाशी जुळणारे काम त्यावर आहे किंवा नाही, हे विचारण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. अशा कंपन्यांत नोकरीस जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रोग्रॅम लिहिण्याबरोबर करार वाचायलाही शिकले पाहिजे. आणि जे बंधू-भगिनी खरेदीची टिप्पणी लिहितात, त्यांच्या लेखणीत तर या उद्योगाचे भवितव्यच आहे. यंत्र येताच आपण त्याची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये करतो. ती नोंद नियमाने करावीच लागते. पण त्याच दिवशी, त्याच टेबलावर, त्याच्या मजकुराची काळजी कोण घेणार आणि त्याला त्याचे पैसे केव्हा मिळणार, हेही लिहून ठेवले नाही, तर रजिस्टरचे ते नाव खरे ठरायला सहा महिनेही लागणार नाहीत.